दुरडीच्या तळाशी

होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या जळोचीत दोन वास एकमेकांच्या अंगावर रेलून उभे असतात. एक रात्री विझलेल्या गोवऱ्यांच्या राखेचा आणि दुसरा भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचा. धुळवडीला आमच्या भागात रंगाचं एवढं कौतुक नाही, ते पाच दिवसांनी रंगपंचमीला. धुळवडीचा मान मटणाचा. दिवस वर यायच्या आत दुकानापुढे रांग लागते, ओळखीचे लोक पिशव्या हलवत एकमेकांना ‘किती घेतलं?’ विचारतात आणि घरोघरी मिक्सर सुरू होतात. या सगळ्या धामधुमीत ओट्याच्या कोपऱ्यात एक दुरडी असते. तिच्यावर पांढरं फडकं, फडक्याखाली कालच्या पोळ्या. काल याच पोळ्या देवापुढे होत्या, होळीत होत्या, दुधात होत्या, तुपात होत्या. आज त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही.

यंदा मी मोजल्या. अकरा होत्या.

घरात खाणारी तोंडं सहा. आईनं पोळ्या करायला लावल्या तीसच्या वर. एक होळीला, एक देवाला, एक गाईला, दोन-दोन शेजारच्या तीन घरांत. हे सगळं वजा करूनही गणित जमत नाही, कारण ते जमू नये अशीच तिची इच्छा असते. एके वर्षी बायकोनं नेमक्या मोजून पोळ्या केल्या आणि रात्री दुरडी रिकामी झाली. तिला वाटलं आपण हुशारी केली. आई मात्र रात्रभर चुळबुळत होती. सकाळी म्हणाली, “कुणाला कमी तर पडली नसंल ना गं?” सुनेनं सांगितलं, “न्हाई आत्या, सगळी पोटभर जेवली.” तरी तिचं समाधान झालं नाही. सणाच्या दुसऱ्या दिवशी दुरडीच्या तळाशी काही नसणं हे तिला सण पुरता न झाल्यासारखं वाटतं.

मी बराच काळ याला म्हाताऱ्या माणसाची खोड समजत होतो. आता वाटतं, सण म्हणजेच मोजमापाला दिलेली एक दिवसाची सुट्टी. वर्षभर वाटीनं पीठ मोजणारी बाई त्या दिवशी ओंजळीनं मोजते. जास्तीचं करायचं, म्हणजे ते उरणारच. उरलं की दुसऱ्या दिवशी डोकं चालवायचं. सणाचा पहिला दिवस देवाचा असेल, दुसरा दिवस निःसंशय बाईच्या डोक्याचा.

आपल्या भाषेनं या दुसऱ्या दिवसाचा फार बारकाईनं विचार केलेला दिसतो. पातेल्यात राहिलं ते उरलेलं. त्यावरून रात्र गेली की ते शिळं. कुणाचं तोंड किंवा हात लागला की उष्टं. भांड्याला, ताटाला चिकटून राहिलं ते खरकटं. चारही शब्द एकाच अन्नाला चार वेगवेगळ्या वेळी लागू शकतात आणि प्रत्येक शब्दाबरोबर त्या अन्नाची पायरी उतरते. उरलेल्याला काही डाग नाही, ते नुसतं जास्तीचं. शिळ्याला थोडा आहे. उष्टं घरातल्या घरात चालतं. लेकराचं उष्टं आई खाते, तिला त्यात काही वाटत नाही. खरकटं मात्र थेट गोठ्याकडे.

आणि याच भाषेनं उरण्याला डोक्यावरही बसवलंय. भागाकार करून जी राहते ती बाकी. तिला संस्कृतात शेष म्हणतात आणि विष्णू ज्याच्या वेटोळ्यावर झोपतो त्या नागाचं नावही तेच. सगळं बुडाल्यावर जो राहतो तो शेष. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञातून उरलेलं खाणाऱ्यांना पापमुक्त म्हटलंय आणि जे फक्त स्वतःसाठी शिजवतात त्यांना चांगलंच फटकारलंय. नैवेद्याचं ताट देवापुढून उचललं की त्याचा प्रसाद होतो. म्हणजे काय, तर देवानं उरवलेलं. तिथे कुणी नाक मुरडत नाही. ‘शिळोप्याच्या गप्पा’ मधला शिळोपासुद्धा माझ्या कानाला शिळ्याचा सख्खा भाऊच वाटतो: कामातून उरलेला, घाई ओसरून मऊ पडलेला वेळ. हा लेखही तसल्याच वेळात लिहितोय.

म्हणींनी मात्र अन्याय केला. ‘शिळ्या कढीला ऊत’ ही म्हण ज्यानं काढली त्यानं आमच्याकडची येळवण्याची आमटी खाल्ली नसणार. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ भरपूर पाण्यात शिजवतात, मग चाळणीत उपसतात. खाली जे दाटसर पाणी गळतं त्याला शहरात कट म्हणतात, आमच्याकडे येळवणी. खरं तर हे पुरणाचं उरलेलं. ओतून दिलं असतं तरी पोळीत काही फरक पडला नसता. पण कधीतरी कुण्या बाईनं ते ओतून द्यायचं नाकारलं. भाजलेलं खोबरं, कांदा, काळा मसाला, चिंचेचा कोळ, चवीला पुरणाचाच एक गोळा आणि वर लाल तवंग. पोळीच्या गोडाला धरून ठेवणारी तिखट बाजू सापडली. आज पुरणपोळीचं ताट आमटीवाचून लावलं तर पाहुणे उठून जातील. उरलेल्यातून झालेला पदार्थ ताटात इतका हक्कानं बसला की तो कुठून आला हे कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही.

ही आमटी दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळली की जास्त चांगली लागते. मसाला मुरतो, डाळीचा अंश घट्ट होतो, चिंच आणि गूळ यांचं भांडण मिटतं. धुळवडीला मटणाच्या रश्श्यापुढे तिला कुणी विचारत नाही, पण तिसऱ्या दिवशी सकाळी ज्वारीच्या भाकरीत ती कुस्करून खाणारे आमच्या गल्लीत अजून आहेत. तिला दिलेला ऊत वाया जात नाही.

उरलेल्या पुरणाचीही सोय असते. पण त्याला एक अट आहे. पुरण आटवताना त्यात उलथनं उभं राहायला हवं. तसं झालं असेल तर ते दुसऱ्या दिवशी टिकतं. ओलसर राहिलं असेल तर चैत्राच्या तोंडावरच्या उन्हानं दुपारपर्यंत आंबतं. टिकलेल्या पुरणाची खीर होते, नाहीतर कणकेच्या पारीत भरून कडबू तळतात. नागपंचमीला आमच्याकडे तवा ठेवत नाहीत, चिरत नाहीत, तळत नाहीत. तेव्हा त्याच पुरणाचे दिंड वाफवतात. एकच पुरण, पण तवा, कढई आणि चाळण यांच्या हाती पडलं की तीन वेगळ्या सणांचं होतं.

पोळीचं म्हणाल तर गूळ तिला सांभाळतो. गूळ पाणी धरून ठेवतो, म्हणून दुसऱ्या दिवशीही पोळी मऊ असते आणि वेलदोडा-जायफळ तोवर आतपर्यंत पोचलेलं असतं. भाकरीचं तसं नाही. भाकरी थंड झाली की तिच्यातलं पीठ पुन्हा ताठरतं आणि फ्रिजमध्ये ठेवली तर आणखी लवकर. तिला पुन्हा मऊ करायचं तर पाण्याचा हबका आणि आच लागते. आईला यातलं शास्त्र कुणी शिकवलेलं नाही. पण शिळी भाकरी ती कधीच नुसती गरम करायची नाही. आधी हातानं बारीक करायची, ताकाचा शिपका द्यायची, मग लसूण-मिरचीच्या फोडणीत टाकून वर झाकण. आम्ही त्याला ‘तुकडे’ म्हणतो. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे किंक्रांतीला, भोगीला केलेली बाजरीची भाकरी मुद्दाम राखून खायची जुनी चाल आहे. तिळाची, कडक झालेली, लोण्याबरोबर चावायला दातांची परीक्षा घेणारी. श्रावणातल्या शीतला सप्तमीलाही चूल विसाव्याला आणि खाणं आदल्या दिवसाचं. म्हणजे शिळं खाण्यालाच सण करून टाकलेले दिवस आपल्या पंचांगात आहेत. चुलीला आणि तिच्यापुढे बसणारीला सुट्टी द्यायला यापेक्षा चांगली सबब कुठली सापडणार?

दिवाळीची तऱ्हा निराळी. दिवाळी उरते ती डब्यांत. भाऊबीज होऊन गेली, माहेरवाशिणी गेल्या, की डब्यांच्या तळाशी चिवड्याचा चुरा, चकलीचे तुकडे, शेवेची भुकटी आणि कडा मोडलेल्या करंज्या राहतात. तुळशीच्या लग्नापर्यंत ते संपवायचं असतं. चिवड्यात कांदा, टोमॅटो, कैरी नसली तर लिंबू, की झाली भेळ. शेवेची भाजी तर आता ढाब्यावरही मिळते. पण आमच्या घरात ती दिवाळीच्या तळापासूनच जन्मली: तिखटजाळ रस्सा उकळला की ताटात वाढताना वरून शेव. आधी घातली तर पिठलं होतं, हा धडा मी एकदा हातानं घेतलाय. मऊ पडलेल्या चकल्या आमटीत सोडल्या की मुलं म्हणतात, हे काय नवीन? आई म्हणते, “गपगुमान खावा, हाटेलात पैसं मोजून खाता ते.”

आमची भाची न्यू जर्सीत असते. तिकडे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी मोठा सण असतो. कुटुंब जमतं, अख्खी टर्की भाजतात आणि ती कितीही माणसं आली तरी संपत नाही. शुक्रवारी तिथल्या घराघरांत त्याच टर्कीचे सँडविच आणि सूप यांचा रतीब सुरू होतो. पहिल्या वर्षी भाचीला सहकाऱ्यांनी आग्रहानं भरभरून बांधून दिलं. ती पावात घालून दोन दिवस खात राहिली, मग कंटाळली. तिसऱ्या दिवशी तिनं आजीला फोन लावला आणि कॅमेरा पातेल्यावर धरला. कोरडं पडलेलं मांस, बाजूला इथून नेलेला कांदा-लसूण मसाला. आई फोनच्या अगदी जवळ तोंड नेऊन म्हणाली, “अगं, शिजलेलंच हाय ना ते? मग त्याला शिजवायचं न्हाई. रस्सा उकळू दे, मग सोड.” न्यू जर्सीत त्या दिवशी धुळवड झाली. शेवेच्या भाजीचाच तो नियम होता. पुढच्या वर्षीपासून तिचे सहकारी शुक्रवारी स्वतःच्या घरची उरलेली टर्की घेऊन तिच्याकडे येतात.

गंमत अशी, की ज्या मातीत आम्ही राहतो तीच उरलेल्यावर चालते. जळोची आता बारामती नगरपालिकेत गेलंय, बाजार समितीचा उपबाजार इथे आहे, पहाटे भाजीच्या गाड्या लागतात. लिलाव आटपला की कोबीची बाहेरची पानं, मोडलेले मुळे, डागी भोपळे यांची वेचणी होते आणि ती जनावरांच्या पुढ्यात जातात. पण खरं उदाहरण उसाचं. नीरेच्या डाव्या कालव्याचं पाणी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या भागात आलं आणि पुढे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर अशी कारखान्यांची नावं गावांच्या नावांइतकी मोठी झाली. एक टन ऊस गाळला की साखर निघते साधारण शंभर-एकशेदहा किलो. मग बाकीचं? पाणी सोडलं तर तीनशे किलोच्या आसपास बगॅस, चाळीस-पंचेचाळीस किलो मळी आणि तीसेक किलो प्रेसमड. बगॅस बॉयलरमध्ये जळतो, त्याच्यावर कारखाना चालतो आणि वर वीजही विकली जाते. मळीपासून स्पिरिट आणि इथेनॉल. प्रेसमड पुन्हा शेतात. आणि कारखान्यात पोचायच्याही आधी, तोडीच्या फडात उसाचं हिरवं वाडं उरतं. संध्याकाळी तोडणीवाल्या बाया त्याच्या पेंढ्या बांधून रस्त्याच्या कडेला विकायला बसतात. ज्याच्या गोठ्यात दुभतं जनावर आहे तो मोटारसायकलवर त्या लादून नेतो. सकाळी तेच वाडं दूध होऊन डेअरीत जातं.

दुधाचंही तेच. चीज करताना दहा लिटर दुधातून जेमतेम किलोभर चीज निघतं, बाकी सगळी निवळी. मोठ्या डेअऱ्यांत आता त्या निवळीची भुकटी होते आणि तालमीतल्या पोरांच्या डब्यात महाग प्रोटीन म्हणून परत येते. माझा मुलगा ती विकत आणतो. मी एकदा म्हटलं, अरे, आजी पनीर करताना जे पाणी कणकेत घालते तेच हे. त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी विषय बदलला.

नाव बदललं की भाव बदलतो, हे मुलांना शिकवण्याआधी मला एका बाईंनी शिकवलं होतं. बारामतीच्या शाळेत आम्हाला एक शिक्षिका होत्या. एकदा मी डब्यात फोडणीची पोळी नेली आणि लपवून खात होतो, कारण ती शिळ्या पोळीची होती आणि शेजारच्या मुलाच्या डब्यात ताजी होती. बाईंनी डब्यात डोकावून विचारलं, “माणिकपैंजण का रे?” मी गोंधळलो. त्या म्हणाल्या, त्यांच्या घरी याला माणिकपैंजण म्हणतात, काही घरांत मनोहरा म्हणतात. मी डबा लपवायचा थांबलो. घरी येऊन आईला सांगितलं. ती खळखळून हसली. “कुस्कऱ्याला पैंजण! बामणाच्या बायकांची कमाल हाय.” पण नंतर कित्येकदा ती कुस्करा वाढताना म्हणायची, “घे, पैंजण वाढलं.”

तेव्हा मला ते नुसतं गमतीचं वाटलं. त्या नावाचं खरं काम काय होतं हे कळायला पुष्कळ वर्षं गेली. त्यासाठी आधी उरलेलं खायचं कुणी, हा प्रश्न पडावा लागतो. मला तो उशिरा पडला.

आमच्या गोठ्याच्या वळचणीला एक जर्मलची थाळी खोचलेली असायची. सणाच्या दुसऱ्या दिवशी एक म्हातारी यायची आणि अंगणात दूर उभी राहायची. माझी आजी ती थाळी काढायला तिलाच सांगायची आणि मग वरून, हात लागणार नाही अशा बेतानं, कालच्या पोळ्या तिच्यात सोडायची. पोळी पडताना एक बारीक आवाज व्हायचा. त्याच दुरडीतली पोळी मी दुधात बुडवून खात उंबऱ्यात बसलेलो. माझ्यासाठी ती लाडाची होती. तिच्या थाळीत ती उतरली तेव्हा तिला गावकीचं नाव होतं, हक्क म्हणत होते त्याला, आणि त्या हक्काच्या बदल्यात तिच्या घरानं वर्षभर काय काय उपसलं होतं ते कुणी मोजत नव्हतं. मार्च १९२७मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा, दुसऱ्याच्या शिळ्यापाक्या तुकड्यांची लाचारी सोडा, असं आपल्या माणसांना बजावलं होतं. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली आलं. मी ते कॉलेजात असताना वाचलं आणि वाचता वाचता मला तो थाळीतला आवाज पुन्हा ऐकू आला. पुढे ती म्हातारी यायची बंद झाली. तिच्या नातवानं येऊ दिलं नाही असं कळलं. आजी काही दिवस कुरकुरली. थाळी वळचणीला काळवंडत राहिली.

म्हणून शिळ्याचं कौतुक करताना माझी जीभ जरा अडखळते. स्वतःच्या दुरडीतलं, स्वतःच्या मर्जीनं राखलेलं शिळं गोड. दुसऱ्यानं वरून सोडलेलं शिळं, मग ते तुपात भिजलेलं का असेना, घशाखाली उतरताना खरवडतं.

आणि ज्या काळात मर्जीच नव्हती त्याबद्दलही आजीच सांगायची. बहात्तरच्या दुष्काळात उरायला मुळात काही नव्हतं. कामावर खडी फोडायची, सुकडी वाटली जायची, रेशनवर परदेशी मिलोची लाल ज्वारी मिळायची. तिची भाकरी थापताना तुटायची. तुटलेले तुकडे आजी उन्हात वाळवून गाडग्यात भरायची आणि ज्या दिवशी चुलीवर काही नसेल त्या दिवशी ते पाण्यात उकळायची, मीठ-तिखट टाकून. तो पदार्थ तिनं आयुष्यात पुन्हा केला नाही. तुकडे आईनं आणले, ताक-लसणाचे. आजीनं ते कधी ताटात घेतले नाहीत. एकच जिन्नस, एकीला खमंग, दुसरीला भुकेची आठवण.

घराच्या आतही हा हिशेब होताच. आमच्याकडे आधी पुरुष, मग पोरं, मग बायका. शेवटी आई. काल उरलेलं आज शेवटच्या पंगतीला जायचं, म्हणजे तिच्याकडे. कधी ओट्याला टेकून उभ्या उभ्या, तव्यावर न घेताच, गार पोळी ती आमटीत बुडवून खायची. तिला विचारलं तर म्हणायची, “मला शिळीच आवडती.” आम्ही ते खरं मानलं. मानणं सोयीचं होतं.

वनपर्वातल्या अक्षय थाळीची गोष्ट मला या संदर्भात नेहमी आठवते. सूर्यानं दिलेल्या त्या भांड्यातलं अन्न रोज द्रौपदी जेवेपर्यंत संपत नसे. ती जेवली की संपलं. म्हणजे थाळीच्या करारातच गृहीत होतं की ती सगळ्यांत शेवटी जेवणार. एक दिवस ती जेवून उठली आणि दुर्वास शिष्यांसह दारात. मग कृष्ण आला, त्यानं थाळीच्या कडेला चिकटलेलं भाजीचं एक पान शोधलं आणि खाल्लं. तिकडे नदीवर ऋषींची पोटं भरली. कीर्तनात हा प्रसंग कृष्णाच्या लीलेचा म्हणून रंगवतात. मला त्यात वेगळंच दिसतं. द्रौपदीच्या घासून ठेवलेल्या भांड्यातलं उरलेलं शोधायला कुणीतरी स्वयंपाकघरात आलं, भांडं हातात घेतलं, त्यात वाकून पाहिलं. खरकट्याच्या पायरीवर गेलेलं एक पान त्यानं पंगतीत आणून बसवलं.

तेच काम ‘माणिकपैंजण’ करत होतं. गार पोळी दुरडीत राहिली तर ती एकट्या आईची. तीच पोळी चुरून, कांदा-मोहरी-कढीपत्त्याच्या फोडणीत परतून, वर कोथिंबीर-खोबरं पसरून तिला नाव दिलं की ती सगळ्यांच्या ताटात वाढता येते. शेवटच्या पंगतीचं अन्न पहिल्या पंगतीला येतं. माझ्या समजुतीनं उरलेल्याचा नवा पदार्थ करणं म्हणजे काटकसर नुसती नाही. एकाच्याच पदरात मुकाट्यानं पडणारं ओझं सगळ्यांत वाटून घ्यायची ती युक्ती आहे आणि ती युक्ती बहुतेक वेळा जिच्या पदरात ओझं पडायचं तिनंच शोधली.

सप्त्याच्या शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन होतं तेव्हा हेच तर करतात. प्रत्येकाच्या शिदोरीतलं एकत्र, दही-लाह्यांत कालवलेलं. कुणाची भाकरी शिळी आणि कुणाची ताजी हे कळायची सोयच ठेवलेली नाही. मात्र आषाढात तुकोबांची पालखी बारामतीला मुक्कामाला असते त्या रात्री काहीच उरत नाही. पाट्याच्या पाट्या भाकरी, पिठलं, ठेचा जातो आणि रिकाम्या पाट्या परत येतात. त्या एका दिवशी आई रिकाम्या दुरडीवर खूश असते.

फ्रिज आला आणि या सगळ्यातली निकड गेली. पूर्वी उरलेलं रात्रीच डोक्यात घोळायला लागायचं, सकाळपर्यंत त्याचं काहीतरी करणं भाग होतं. आता झाकण लावलेल्या वाट्या आत सरकतात आणि तिथे वसतिगृहातल्या पोरांसारख्या विसरल्या जातात. पाचव्या दिवशी वास घेऊन आपण त्या ओततो आणि मन साफ राहतं, कारण ठेवताना तर आपण वाचवलंच होतं. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४च्या अहवालात २०२२ सालचा हिशेब आहे: जगात एका वर्षात एकशेपाच कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं साठ टक्के घराघरांतून. हॉटेलं, दुकानं मागे. आपापल्या ओट्यावरून आपण एवढं करतो हे वाचून मी फ्रिज उघडला. आत सहा वाट्या होत्या. दोन ओळखू आल्या नाहीत.

तर यंदाच्या त्या अकरा पोळ्या. धुळवडीला मटण झालं. दुपारी पोळ्यांवरचं फडकं मी उचललं तेव्हा आई म्हणाली, “राहू दे, मी खाईन उद्या.” तिचे हात आता संधिवातानं वळत नाहीत, चुरायचंही बळ नाही. मी म्हटलं, तू सांग, मी करतो. तव्यावर मंद आचेवर एकेक पोळी ठेवली, कडक होईस्तोवर. घाई केली तेव्हा कड करपली. “आच कमी, आच कमी, मटण न्हाई ते.” कुडकुडीत झाल्यावर परातीत हातानं चुरल्या. पुरणाचा वास पुन्हा जागा झाला, काल होता तसा नाही, भाजलेला, थोडा कॅरमेलसारखा. तूप पातळ करून ओतलं. पहिला लाडू वळला तो उलला. आई म्हणाली, दुधाचा हात लाव. मग बसले. चौदा झाले, वेडेवाकडे, लग्नातल्या लाडवांपुढे लाज वाटावी असे.

पहिला तिला दिला. बसून खा म्हटलं. ती खुर्चीत बसली, लाडू हातात फिरवून पाहिला. अर्धा खाल्ला आणि उरलेला वाटीत ठेवून वर झाकण घातलं.

“आता हे कशाला ठेवलंस?”

“असू दे. तुला लागंल संध्याकाळी.”

संध्याकाळी मी तो मागून घेतला आणि तिच्यासमोर बसून खाल्ला. वाटी मीच घासली.